खर्ड्याचे पाहुणे

धोंड्याचे फोटो राजनंदिनीने घरच्या ग्रुपवर टाकले, त्याला आठवडा होऊन गेला होता. सुरेखाने ते किती वेळा पाहिले, तिचं तिलाच ठाऊक. पहिल्यांदा सगळ्यांच्या घोळक्यात पाहिले, तेव्हा ती तोंडभरून म्हणाली, "छान आलेत गं." मग रोज संध्याकाळी म्हशीखाली बसायच्या आधी गोठ्याच्या भिंतीला टेकून पुन्हा उघडायची. धाकटा दीर हर्षल पाटावर बसलेला, कपाळाला टिळा, बोटात सासऱ्याने घातलेली अंगठी, पुढ्यात ताट आणि ताटात तेहतीस अनारसे. शेजारी राजनंदिनी, मोरपंखी साडीत. मागच्या खुर्चीत बनुबाई, म्हणजे दोघी जावांची सासू. ती अशी हसत होती, की जणू धोंडा जावयाला नव्हे, तिलाच वाढलाय.

थोरल्या लेकाच्या लग्नातला बनुबाईचा असा एक तरी फोटो दाखवा म्हणावं. नाही सापडायचा. सुरेखाने शोधून पाहिलं होतं.

हेवा काही सांगून येत नाही, आणि आला की बसायला पाटही मागत नाही. सुरेखाला धाकट्या जावेचं सगळंच खुपायचं. तिने बनुबाईला 'मम्मी' म्हटलेलं खुपायचं, कारण सुरेखा सात वर्षं 'आत्याबाई'वरच अडकली होती. ती उशिरा उठली तरी कोणी बोलत नाही, हे खुपायचं. आणि सगळ्यात जास्त खुपायचं ते हे, की पोरगी वाईट नव्हती. वाईट असती तर निदान मनसोक्त शिव्या तरी देता आल्या असत्या.

राजनंदिनीचे वडील भागवतराव साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात होते. कोणाच्या उसाला तोड कधी, कोणती टोळी कोणत्या फडावर, हे त्यांच्या शब्दावर ठरायचं, म्हणून भले भले बागायतदार त्यांची गाडी अडवून चहा पाजायचे. आणि सुरेखाचे आईवडील, लंकाबाई आणि रामहरी, त्याच टोळ्यांमधल्या एकीतला एक कोयता. नवरा-बायको मिळून एक कोयता, असंच बोलतात तोडीत. तिथे माणसं मोजायची पद्धत नाही. सुरेखाचा आजा कारभारी बहात्तरच्या दुष्काळात खर्ड्याहून पहिल्यांदा निघाला, आणि तेव्हापासून दिवाळी सरली की त्या घराला कुलूप, ते उन्हाळा लागेपर्यंत.

थोरला हनुमंत, म्हणजे सुरेखाचा नवरा, चौतिशीला टेकला आणि बारमाही पाण्याची जमीन असून पोरगी मिळेना, तेव्हा मध्यस्थाने हे स्थळ देवळालीला या घरी आणलं. बनुबाईने पोरगी पसंत केली आणि पोरीच्या बापाचा धंदा नापसंत. मग गावात सांगायला सुरुवात केली, "सोयरे किल्ल्याजवळचे. पंधरा एकर चिंचेची बाग हाय." किल्ला खरा होता. चिंचही होती एक, ग्रामपंचायतीपुढे.

बाहेर पंधरा एकर आणि घरात कोपी, म्हणजे तोडवाल्यांची पाचटाची झोपडी. भाजीत तेल जास्त पडलं की "कोपीतली सवय, कधी मिळालं न्हाई ना." कमी पडलं तरी "कोपीतलीच सवय." हळदीकुंकवाला राजनंदिनी, जनावराला सुरेखा. हर्षलच्या लग्नात घरच्यांचा फोटो निघाला, तेव्हा थोरली सून कुठे होती? आचाऱ्याला तांदूळ काढून देत होती. तिच्या आईवडिलांना तर बोलावणंच गेलं नव्हतं. असं सात वर्षं चाललं की माणूस कसं होतं, ते बघा. सुरेखाने 'हाय-न्हाई' टाकून 'आहे-नाही' धरलं. हिवाळ्यात त्यांच्याच उसात टोळी उतरली की सगळ्यात जास्त खेकसायची ती हीच. पोरं विहिरीकडे सोडू नका, हंडे मोटारीवर लावू नका. एकदा तर बनुबाईच म्हणाली, "आगं, पानी तरी भरू दी त्यान्ला."

तर आता हनुमंतचा धोंडा. तीन वर्षांतून एकदा अधिक महिना येतो, लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, वाण द्यायचं. लग्नानंतरचा पहिला धोंडा कोरोनाने खाल्ला. दुसरा सुरेखाने, आई आजारी आहे म्हणून सांगून टाळला. या वेळी लंकाबाईने सरळ जावयालाच फोन लावला.

"मी जातो की खर्ड्याला," हनुमंत रात्रीच्या जेवणाला म्हणाला. "एक दिवस राहू. किल्लाबी बघायचा राहिलाय."

"इतक्या उन्हाचं?" सुरेखा म्हणाली. तिच्या डोळ्यांपुढे पत्र्याची एक खोली, तिच्या दारात पाटावर बसलेला नवरा आणि त्याचा ग्रुपवर पडलेला फोटो उभा राहिला.

"त्यान्लाच हिकडं बोलव," बनुबाई म्हणाली. "धोंडा म्हंजे सासूच्या हातचं जेवन. ती हितं येऊन करंल."

"हो, तेच बरं," सुरेखा म्हणाली.

सात वर्षांत सासूसुनेचं पहिल्यांदा एकमत झालं. हनुमंतने दोघींकडे पाहिलं आणि ताक पिऊन उठला.

गुरुवार ठरला. आणि गुरुवारी सकाळी, सुरेखा अंगण सारवत असताना, बनुबाई दारात येऊन म्हणाली, "भागवतरावलाबी जेवायला बोलावलंय. त्यांनी आमचा इतका मान केला, आपन नगं का बोलवाया?"

सुरेखाचा हात थांबला. "आत्याबाई, ते शेतकीत आहेत."

"मंग? हजार टोळ्या येत्यात. कोन कुनाला वळखतंय? तुज्या बापाला म्हनावं, तोंड मिटून बस. लई वेळ न्हाई, दोन घंट्याचा परश्न हाय."

हजार टोळ्या, सुरेखाने मनाशी म्हटलं. मग सकाळभर ती हेच घोकत राहिली.

आई-आबा पहिल्या एसटीने निघून, नगरला गाडी बदलून दहाच्या सुमाराला आले. लंकाबाईची साडी नवी होती, घड्या अजून मोडल्या नव्हत्या. एका हातात पुरणाचा डबा, दुसऱ्या हातात पिशवी. रामहरीने कडक इस्त्रीची टोपी घातली होती. सुरेखाने त्यांना ओसरीवर न नेता आधी गोठ्यामागे नेलं. पाया पडली, आणि पाया पडून उठता उठताच बोलायला लागली.

"आबा, कोणी विचारलं तर बागायत आहे म्हणायचं. चिंचेची बाग."

"कुनाची?"

"आपली."

रामहरीला हसू आलं. लेकीचं तोंड पाहून ते त्याने गिळलं.

"मुकादम, कोयता, फड, गाडी, हे शब्दच काढायचे नाहीत. राजनंदिनीचे वडील येणार आहेत. कारखान्यातले आहेत."

"कंच्या कारखान्यातले?"

"असतील कुठल्या तरी. तुम्ही कमी बोला म्हणजे झालं."

"मंग कामून बोलवलं बाई आमाला?" लंकाबाई म्हणाली. तिने ते रागाने विचारलं नाही, खरंच कळेना म्हणून विचारलं.

सुरेखाने तिचे हात धरून उलटे केले. तळव्यांना पाचटाच्या चिरा, डाव्या अंगठ्याजवळ कोयत्याचा जुना वण, बोटांची पेरं काळी पडलेली. महिना झाला तोड संपून, तरी साबणाने न निघालेली. "आये, हे पदराखाली ठेव."

"आन धोंडे कशानं वळू?"

सुरेखाने पिशवी उचलली आणि पुढे चालायला लागली.

स्वयंपाकघरात राजनंदिनी कणीक भिजवत होती. लंकाबाई उंबऱ्यात दिसल्याबरोबर ती पिठाच्या हाताने उठली आणि पाया पडली. "या मावशी. किती वाट बघत होते तुमची. ताई तर काही सांगतच नाहीत तुमच्याबद्दल."

"औक्षवंत व्हय," लंकाबाई म्हणाली आणि तिने दोन्ही हात राजनंदिनीच्या गालांवरून फिरवून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. झाले हात पदराबाहेर.

मग दोघींची अशी गट्टी जमली की विचारू नका. लंकाबाई पुरणाचा गोळा पारीत भरून वळायची, राजनंदिनी तेलात सोडायची. एक फुटला. लंकाबाईने तो चिमटीने काढला, फुंकर मारली आणि राजनंदिनीच्या तोंडात घातला. "फुटका दादल्याच्या ताटात वाढू नी. करनारीनं खावा." राजनंदिनीचं तोंड भाजलं, ती हाय-हुय करत हसायला लागली, लंकाबाईही हसायला लागली, तोंडाला पदर लावून.

सुरेखा ओट्याच्या दुसऱ्या टोकाला आमटीला फोडणी देत होती. आईचं हसणं तिने कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं. फोनवर आई कधी हसत नव्हती. फोनवर सुरेखाच घाईत असायची. आता ते हसणं तिच्या घरात, तिच्या पाठीमागे, दुसरीसाठी चाललं होतं. ती मनात म्हणाली, नवऱ्याच्या घरचा मान घेतलास, सासू घेतलीस, आता आईपण घे.

"मावशी, हात किती फाटलेत हो," राजनंदिनी म्हणाली.

लंकाबाईने पटकन सुरेखाकडे पाहिलं. "इळ्यानं... शेतात असतंयच की."

"थांबा." राजनंदिनी आत गेली, तिची ती महागडी क्रीमची नळी घेऊन आली आणि तिथेच जमिनीवर बसून लंकाबाईचा तळवा मांडीवर घेऊन चोळायला लागली. चिरेच्या आत, वणाच्या कडेने, काळ्या पेरांवर. लंकाबाई अवघडून बसली होती, पण हात तिने काढून घेतला नाही.

जो हात सुरेखाने सकाळी झाकायला सांगितला होता, तो आता भर स्वयंपाकघरात जावेच्या मांडीवर होता.

"धोंडे करपतील," सुरेखा म्हणाली.

"गॅस बारीक केलाय ताई."

तिला परवडतं, सुरेखाच्या मनात आलं. ज्याच्या बापाला गाव चहा पाजतं, त्याला कोणाचाही हात मांडीवर घेता येतो. लोक म्हणतात, किती निगर्वी पोरगी. मी हाच हात असा धरला, तर म्हणतील, बघा, गेली शेवटी जातीवर. हे खरं होतं, अगदी खरं होतं. पण खरं असलं म्हणून आईचा हात तिला धरता आला नव्हता, ते काही बदलत नव्हतं.

ओसरीवर सासरे मच्छिंद्र आणि रामहरी खुर्च्यांवर बसले होते. मच्छिंद्र मुळात कमी बोलणारा, रामहरीला बोलायची बंदी. त्यामुळे दोघांचं पंख्याखाली छान चाललं होतं. सुरेखा पाण्याचा तांब्या द्यायच्या निमित्ताने दोनदा डोकावून गेली. आबा खुर्चीच्या टोकावर बसले होते, टोपी सरळ, हात गुडघ्यावर. खुर्ची तुटेल की काय, असे. तरी बसले होते. दीड वाजत आला होता. हनुमंत आंघोळ करून नवा सदरा घालून आला. एवढं जेवण पार पडलं की झालं, सुरेखा मनाशी म्हणाली, मग साडेचारची एसटी.

गाडीचा हॉर्न वाजला. भागवतराव आले, डोळ्यांवर गॉगल, बगलेत कातडी पिशवी. ते पायरी चढत होते, बनुबाई "या, या" म्हणत पुढे झाली होती, आणि तेवढ्यात रामहरी उठून उभा राहिला.

नुसता पाहुण्याला पाहून उठतात तसा नाही. टोपी काढून हातात घेतली, खुर्ची पुढे सरकवली, उपरण्याने तिची बैठक झटकली आणि म्हणाला, "या साहेब. बसा." आणि स्वतः दोन पावलं मागे सरून भिंतीशी उभा राहिला.

त्याला कोणी शिकवलं नव्हतं, सांगितलं नव्हतं. शेतकीचा साहेब फडावर आला की असंच करायचं असतं. मन जागं व्हायच्या आधी पायच उठले होते.

आणि भागवतराव बसले. तेही तसेच, न बघता. कोणीतरी खुर्ची पुढे केली म्हणून बसले. मग गॉगल काढून त्यांनी वर पाहिलं.

"अरे. तू खर्ड्याच्या टोळीतला ना? दोन वर्षांमागं आपल्या गटात होतास. रामहरी का काय."

"व्हय साहेब."

"इकडं कुठं? टोळी ठरवायला आला काय यांच्याकडं? आत्तापासूनच?"

मच्छिंद्र पंख्याकडे बघत होता. बनुबाईचं तोंड उघडं होतं, पण त्यातून काही येत नव्हतं. हनुमंतने सुरेखाकडे पाहिलं. ती दाराच्या चौकटीत उभी होती, हातात पाण्याचा तांब्या. शेजारी आई, औक्षणाचं ताट घेऊन. राजनंदिनी तिच्या मागे. माझे वडील आहेत. तीन शब्द होते. सुरेखाने ते जिभेवर आणले. बनुबाई आपल्याकडे बघतेय हे तिला दिसलं, भागवतरावांची ती 'तू खर्ड्याचा ना' म्हणणारी नजर दिसली, आणि शब्द परत खाली गेले. रामहरी भिंतीशी उभा होता. तो लेकीकडे बघतसुद्धा नव्हता. तिला त्रास नको म्हणून तो दुसरीकडे बघत होता.

"पप्पा," राजनंदिनी मागून म्हणाली, "ते आमच्या ताईंचे वडील आहेत."

भागवतराव खुर्चीतून उठले. "अरे... असं होय. बसा, बसा की मग. मला काय माहीत."

"न्हाई साहेब. मला खालीच बरं पडतं." रामहरी जाजमावर बसला.

हनुमंत गेला आणि सासऱ्याच्या शेजारी खाली बसला. पुढे काय करायचं ते त्यालाही सुचलं नाही, पण तो तिथून उठला नाही. भागवतराव थोडा वेळ रिकाम्या खुर्चीजवळ उभे राहिले आणि मग कुठल्याशा फोनचं निमित्त काढून अंगणात गेले.

स्वयंपाकघरात बनुबाई आधी राजनंदिनीवर घसरली. तिच्या लग्नानंतरच्या तीन वर्षांत पहिल्यांदा.

"तुला कुनी इचारलं हुतं? मी घेतलं असतं की सावरून. म्हनले असते वाटेकरी हायेत, काईबी म्हनले असते."

"मम्मी, मग ते तिथंच उभे राहिले असते."

"ऱ्हायले असते तर काय झालं असतं? त्यान्ला काय सवय न्हाई?" मग ती सुरेखाकडे वळली. "आन तुजा बाप! सात वर्सं झाकून ठिवलं मी, सात वर्सं. खुर्चीत बसता येत न्हाई मानसाला? आता गावात मी काय तोंड दावू?"

एरवी सुरेखा सासूपुढे मान खाली घालून उभी राहायची. आजही सासूला ती काही बोलली नाही. तिचा सगळा जाळ फिरला तो राजनंदिनीकडे.

"माझा बाप आहे तो. तू कोण सांगणारी?"

"ताई..."

"तुला सगळंच पाहिजे. माझी आई पाहिजे, माझ्या बापाचं नावसुद्धा तूच सांगायचं. वाहवा तुलाच मिळायला पाहिजे. किती चांगली पोरगी, नाही का? मी वाईट. होय, मी वाईटच. तुझ्यासारखा बाप असता तर मीपण झाले असते चांगली."

राजनंदिनीचे डोळे भरून आले. तिने पुसले नाहीत. "मी थांबले होते ताई," ती म्हणाली. "तुम्ही बोलाल म्हणून मी थांबले होते. किती वेळ थांबू?"

सुरेखा दाराकडे वळली. तेव्हा कळलं की लंकाबाई उंबऱ्यात आहे, ताट घेऊन, आणि केव्हापासून आहे ते कोणी विचारायला धजलं नाही.

"वात इझायली," लंकाबाई म्हणाली. "चल बाई, जावईबापूंला ओवाळायचंय. शेजारी बस त्यांच्या."

धोंडा पार पडला. पार पडतातच अशा गोष्टी. लंकाबाईने जावयाला ओवाळलं, टॉवेल-टोपी दिली, तांब्याचं ताट दिलं, त्यात तेहतीस धोंडे. भागवतरावांनी एक खाऊन "सुंदर" म्हटलं आणि दुसरा मागितला. कोणी फोटो काढले नाहीत. राजनंदिनीने मोबाईल हातात घेतला होता, पण सुरेखाकडे पाहून ठेवून दिला.

हनुमंत म्हणाला, जीपने नगरपर्यंत सोडतो. रामहरी म्हणाला, एसटीच बरी. मग हनुमंत त्यांना फाट्यापर्यंत घेऊन आला, आणि रामहरीला चहा पाजायला समोरच्या टपरीवर गेला. मायलेकी निवाऱ्याच्या बाकावर बसल्या. ऊन अजून उतरायचं नाव घेत नव्हतं.

सुरेखाला माफी मागायची होती. तोंडातून निघालं ते भलतंच.

"तुला तीच आवडली ना?"

"कोन?"

"राजनंदिनी."

"गुनाची हाय पोर," लंकाबाई म्हणाली. "का, न्हाई का?"

"आहे ना. मग तिलाच लेक म्हण."

"येडी हायेस." लंकाबाईने पिशवी मांडीवर घेतली. "तिचं काय गं. तिनं बोललं आन ती मोकळी झाली. तिला कोन काय म्हननार हाय? तुला उद्या सकाळी उठून त्याच घरात च्या करायचाय. मला कळत न्हाई व्हय? तुह्या आबालाबी कळतंय. तू न्हाई बोललीस, बरं केलंस. आमचं काय, आमी चाललोत."

"बरं नाही केलं आये."

"आसू दे."

आईने समजून घेतलं, हेच सुरेखाला सोसेना. दोन शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. ती काहीतरी बोलणार, तेवढ्यात साळूबाई आली. तीन घरं सोडून राहणारी. राहुरीला दवाखान्यात निघाली होती. तिला गावातलं सगळं लागायचं आणि तिने एकदा ऐकलं की गावाला वेगळं सांगावं लागत नसे. तिने सुरेखाला पाहिलं, मग लंकाबाईला वरून खालपर्यंत पाहिलं.

"पाव्हन्या कोन गं सुरेखा?"

सुरेखाने तोंड उघडलं. पण लंकाबाई चटकन बाकावरून उठली होती. लेकीपासून हातभर लांब सरकली, डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.

"पाव्हनी न्हाई बाई," ती म्हणाली. "आमी ऊसतोडीवाले. यांच्या फडावर असतोत दर साली. मालकीनबाई बसल्या हुत्या, म्हनून जरा टेकले."

ती ते इतकं सहज म्हणाली, की साळूबाईला शंकासुद्धा आली नाही. "आसं व्हय," म्हणून ती रस्त्याकडे बघायला लागली. एसटी वळणावर दिसत होती. पलीकडून हनुमंत आणि रामहरी रस्ता ओलांडायला निघाले होते. लंकाबाईने पिशवी उचलली, आणि लेकीकडे पाहून जरासं हसली, काम नीट केल्यासारखं.

सुरेखा उठली. तिने आईच्या हातातली पिशवी घेतली.

"साळूमावशी, ती माझी आई हाय," ती म्हणाली. "लंकाबाई तिचं नाव. हनुमंतची सासू. धोंड्याला आलती."

साळूबाईने एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. "आगं पन आत्ता तर ही म्हनली, ऊसतोडीवाली म्हनून."

"ऊसतोडीवालीच हाय."

"मंग आई न्हाई का म्हनली ती?"

लंकाबाई घाबरून लेकीचा दंड दाबत होती, गप म्हणून. सुरेखाने तो हात धरला आणि तसाच धरून ठेवला.

"मी शिकिवलं तिला," ती म्हणाली.